जेवणाचे बिल मागावे की नाही? : रेल्वेतील खाण्यापिण्याविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सुट्टीच्या आरक्षणाचे दिवस आले की या सदराकडे रेल्वेविषयीची पत्रे वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी पत्रे खाण्यापिण्यावर आहेत. ती वाचताना असे दिसते की सर्व लांब पल्ल्याच्या गाड्यांत जेवणाची सोय एकाच पद्धतीने चालते, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतो, वंदे भारत या गाड्यांत जेवणाचे पैसे तिकिटातच घेतलेले असतात. बऱ्याच मेल-एक्स्प्रेस गाड्यांना पँट्री कार जोडलेली असते आणि तिथे हवे ते विकत घ्यायचे असते. काही गाड्यांना पँट्री नसते, पण परवानाधारक विक्रेते ठरावीक स्थानकांवरून पदार्थ घेऊन डब्यात चढतात. काही गाड्यांत यांतले काहीच नसते आणि प्रवाशाची सगळी भिस्त फलाटावर असते. दर किती, बिल कोणी द्यायचे आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची हे सारे आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते त्यावर ठरते.

पाचोऱ्याहून एक वाचक लिहितात : आम्ही चौघे उत्तरेकडे जाणाऱ्या एका एक्स्प्रेस गाडीत होतो. पँट्रीच्या माणसाने शाकाहारी जेवणाचे प्रत्येकी १२० रुपये घेतले. बिल मागितले तेव्हा ‘मशीन बंद आहे’ असे सांगून तो पुढच्या डब्यात निघून गेला. खरा दर किती आहे आणि अशा वेळी पैसे द्यावेच लागतात का?

उत्तर : मेल-एक्स्प्रेस गाडीत मिळणाऱ्या प्रमाणित शाकाहारी जेवणाचा दर सर्व करांसह ८० रुपये आहे, हेच जेवण स्थानकावरच्या उपाहारगृहात घेतले तर ७० रुपयांना मिळायला हवे. गाडीत अंडाकरीच्या जेवणाला ९० आणि चिकनकरीच्या जेवणाला १३० रुपये पडतात, शाकाहारी न्याहारीला ४० आणि ऑम्लेटच्या न्याहारीला ५० रुपये. हे दर २०१९ च्या अखेरीस ठरले.

दराबरोबर वजनही ठरलेले असते, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. शाकाहारी जेवणात १५० ग्रॅम भात, १५० ग्रॅम घट्ट वरण किंवा सांबार, १०० ग्रॅम भाजी, ८० ग्रॅम दही, लोणच्याची पुडी आणि दोन पराठे किंवा चार पोळ्या असायला हव्यात. पराठे वा पोळ्यांचे एकूण वजन १०० ग्रॅम, म्हणजे एक पोळी २५ ग्रॅमची. आपल्याकडच्या पोळीच्या मानाने तो फुलकाच झाला, त्यामुळे पोळ्या लहान आहेत एवढ्यावरून तक्रार टिकणार नाही. पण चाराऐवजी दोनच पोळ्या आल्या, किंवा दह्याची वाटीच नसली, तर ती तक्रार पक्की आहे.

आपल्याकडून १२० रुपये कसे घेतले गेले असतील, याचा अंदाज बांधता येतो. ‘साधे जेवण संपले, स्पेशल थाळी आहे’ असे सांगून पनीरची एक भाजी आणि एखादा गोड पदार्थ वाढवलेली थाळी दिली जाते. प्रमाणित जेवणाखेरीजचे पदार्थ विकायला मुभा आहे आणि त्यांचे दरही वेगळे असतात. परंतु ते पदार्थ आणि दर छापील मेन्यूकार्डावर असले पाहिजेत, आणि प्रमाणित जेवण ठेवायचेच नाही अशी मुभा कोणालाही नाही. म्हणून मागतानाच ‘स्टँडर्ड मील’ असे स्पष्ट म्हणावे. वेटरला हाच शब्द कळतो. ‘एक जेवण द्या’ म्हटले की कोणते जेवण द्यायचे ते तो ठरवतो.

आता बिल. ‘बिल नाही तर जेवण फुकट’ हे धोरण रेल्वेने २०१८ साली जाहीर केले आणि तशा सूचना डब्यांतून लावल्या. पँट्रीतील माणसांजवळ बिल देणारी यंत्रे असावीत, असा दंडकही घातला. तेव्हा बिल न मिळाल्यास पैसे देण्यास नकार देता येतो. मात्र हे सगळे पैसे देण्यापूर्वी करायचे असते. जेवणाच्या डब्याचे झाकण उघडण्याआधी दर विचारावा, कार्ड पाहावे, बिल मागावे. नाइलाजाने पैसे द्यावेच लागले तर रोख न देता क्यूआर कोडवरून द्यावेत, म्हणजे रक्कम, वेळ आणि खाते यांची नोंद आपल्या फोनमध्ये राहते. डब्यावरच्या चिकटपट्टीवर स्वयंपाकघराचे नाव, जेवण भरल्याची वेळ आणि अन्न परवान्याचा क्रमांक असतो. तिचा एक फोटो काढून ठेवावा.

तक्रार १३९ या क्रमांकावर किंवा ‘रेल मदद’ या ॲपवर करावी, आणि ती गाडीत बसल्या जागी करावी. पीएनआर आणि डबा क्रमांक दिला की ती धावत्या गाडीतील पर्यवेक्षकापर्यंत जाते, आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात पँट्रीचा व्यवस्थापक स्वतः जागेवर येतो. तो जादा घेतलेले पैसे परत करून ‘तक्रार मागे घ्या’ अशी गळ घालील. पैसे जरूर घ्यावेत, तक्रार मागे घेण्याचे मात्र कारण नाही, कारण कंत्राटदाराला होणारा दंड नोंद राहिलेल्या तक्रारींवरूनच होतो. घरी पोहोचल्यावर केलेल्या तक्रारीला उत्तर येते, पण तोवर पुरावा उरलेला नसतो. प्रकरण मोठे असेल, उदाहरणार्थ जेवणातून विषबाधा झाली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुंबई वा दिल्ली गाठावी लागत नाही. जळगावात अर्ज देता येतो, आणि एवढ्या लहान रकमेच्या व्यवहाराला शुल्कही पडत नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

धरणगावच्या एक वाचक भगिनी विचारतात : गाडीत चहा दहा रुपयांना मिळतो. तो महाग आहे अशी माझी तक्रार नाही, पण तो चहा म्हणावा असा नसतो. यालाही काही नियम आहे काय?

उत्तर : आहे, आणि तो कपाच्या आकारापर्यंत गेलेला आहे. साधा तयार चहा ५ रुपयांना १५० मिलिलिटर, तोही १७० मिलिलिटरच्या कपात, म्हणजे जवळजवळ काठोकाठ. टी-बॅगचा चहा तेवढाच, पण १० रुपयांना. फेरीवाला जो इवलासा कागदी कप पुढे करतो त्याची मापेच निराळी असतात. त्यात अर्ध्याच्या वर चहा ओतून, वर टी-बॅग न घालता, दर मात्र टी-बॅगचा लावला जातो. शंका आली तर ‘टी-बॅग कुठे आहे?’ एवढाच प्रश्न पुरतो. चवीविषयी मात्र कोणताच नियम आपल्याला वाचवू शकत नाही. मोठ्या पिंपात तासन्‌तास धरून ठेवलेला चहा उतरतोच. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर गाडी थांबते तेव्हा खाली उतरून, समोर उकळलेला चहा घेणे हा जुना उपाय आजही चांगला आहे.

पाण्याचेही येथेच सांगून टाकतो. ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून १५ ऐवजी १४ रुपयांना आणि अर्ध्या लिटरची १० ऐवजी ९ रुपयांना मिळते. सुटा रुपया नाही म्हणून पंधरा रुपये कापले जातात, अशी तीन-चार पत्रांत तक्रार आहे. छापील किमतीपेक्षा अधिक घेणे हा वजनमाप कायद्याखाली गुन्हा आहे. मग ती रक्कम एक रुपया असो की दहा. बाटली ‘थंड केल्याचे’ वेगळे पैसेही मागता येत नाहीत.

भुसावळहून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी लिहितात : दर सरकारने ठरवलेले, वजन ठरलेले, तक्रारीची सोय आहे, मग इतकी वर्षे जादा पैसे आणि कमी जेवण हे चालते कसे? ठेकेदारांची हाव एवढेच कारण पुरेसे आहे का?

उत्तर : आपण आतून व्यवस्था पाहिलेली असल्यामुळे हा प्रश्न विचारलात, आणि सर्व पत्रांत तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाव हे कारण आहेच, पण ती ज्या साच्यात वाढते तो साचा निविदेचा आहे.

पँट्री कारचा ठेका देताना, जो कंत्राटदार सर्वाधिक परवाना शुल्क देऊ करील त्याच्याकडे गाडी किंवा गाड्यांचा गट काही वर्षांसाठी जातो. हे शुल्क विक्री कमी झाली म्हणून कमी होत नाही. दुसऱ्या बाजूला जेवणाचा दर गोठलेला आहे: २०१९ साली ठरलेले ८० रुपये, आणि त्यानंतर तेल, डाळी, गॅस, मजुरी यांचे भाव कुठे गेले ते आपण घरच्या किराण्यावरून जाणतोच. बोली लावताना कंत्राटदाराला हे सारे ठाऊक असते, तरी तो मोठी बोली लावतो, याचा अर्थ तो तूट कोठून तरी भरून काढणार हे त्याने आधीच ठरवलेले असते. भरून काढण्याच्या वाटा तीन: वजन कमी करणे, दर वाढवून घेणे, आणि मान्यता नसलेल्या स्वस्त ब्रँडचे पाणी वा बिस्किटे खपवणे. डब्यातून फिरणारा मुलगा यात सर्वांत खालच्या पायरीवर असतो. त्याला बहुधा पगार नसतो, विक्रीवर टक्केवारी असते. बिल दिले तर जादा घेतलेले पैसे उघडे पडतात, आणि ते पैसे तर वरपर्यंत वाटले जाणारे असतात. म्हणून ‘मशीन बंद’ पडते.

हे केवळ माझे मत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेत मांडलेल्या अहवालासाठी ७४ स्थानके आणि ८० गाड्यांची संयुक्त पाहणी झाली होती. नळाचे पाणी शुद्ध न करताच पेयांसाठी वापरणे, कचऱ्याचे डबे उघडे ठेवणे, मुदत उलटलेले पदार्थ विकणे, ठरल्यापेक्षा कमी वजन देणे, बिल न देणे आणि वेटरजवळ मेन्यूकार्ड नसणे या गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. खानपानाची धोरणे वारंवार बदलत राहिल्याचाही ठपका त्यात होता. तो रास्तच म्हणावा लागेल: आयआरसीटीसी हे महामंडळ १९९९ साली स्थापन झाले, २०१० च्या धोरणाने त्याच्याकडचे बरेचसे खानपान काढून विभागीय रेल्वेंकडे दिले, आणि २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने ते पुन्हा महामंडळाकडे आणले.

या शेवटच्या धोरणात एक चांगली कल्पना होती. स्वयंपाक करणारा आणि वाढणारा वेगवेगळा असावा, गाडीत शिजवण्याऐवजी मार्गावरच्या मोठ्या स्वयंपाकघरांत शिजवावे, तिथे कॅमेरे लावावेत आणि पँट्रीत केवळ गरम करून वाटप व्हावे. हलत्या डब्यात, अपुऱ्या पाण्यात, शेकडो माणसांचा स्वयंपाक करण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. परंतु सर्वाधिक शुल्क देणाऱ्याला ठेका ही पद्धत जोवर तशीच आहे, तोवर स्वयंपाकघर जमिनीवर आले तरी वाढणाऱ्याचे गणित बदलत नाही. शुल्क आधीच ठरवून द्यावे आणि कंत्राटदारांची निवड जेवणाच्या दर्जावर व तक्रारींच्या जुन्या नोंदीवर करावी, असे मला वाटते. त्याच्या जोडीला दरही दोन-तीन वर्षांनी तपासले पाहिजेत. ऐंशी रुपयांत चार पोळ्या, भात, वरण, भाजी, दही आणि वर वाटपाचा खर्च बसवून दाखवा, असे आव्हान कोणत्याही खानावळवाल्याला देऊन पाहावे.

जळगावहून एक वाचक विचारतात : आई-वडील एकटेच हावड्याच्या दिशेने जाणार आहेत. घरबसल्या त्यांच्या जागेवर जेवण पोहोचवता येते असे ऐकले आहे. ते भरवशाचे आहे का, आणि कोणत्या स्थानकावर मागवावे?

उत्तर : आपण म्हणता ती सोय म्हणजे आयआरसीटीसीची ई-केटरिंग सेवा. ती २०१४ पासून चालू आहे. संकेतस्थळावर, ‘फूड ऑन ट्रॅक’ ॲपवर किंवा १३२३ या क्रमांकावर पीएनआर दिला की मार्गातील ज्या स्थानकांवर सेवा आहे ती दिसतात. तिथल्या उपाहारगृहाचा माणूस गाडी थांबली की डब्यात येऊन जेवण देतो. पैसे आधी ऑनलाइन भरता येतात, म्हणजे वडीलधाऱ्यांना सुट्या पैशांची कटकट राहत नाही. येथे वर सांगितलेले ८० रुपयांचे दर लागू नाहीत. उपाहारगृह आपले दर स्वतः ठरवते. पीएनआर मागणाऱ्या, नावात साधर्म्य असलेल्या अनधिकृत साइटही आहेत, त्यामुळे अधिकृत ॲपमधूनच मागवावे.

स्थानक निवडताना थोडा विचार करावा. जळगावला बहुतेक गाड्या दोन-तीन मिनिटेच थांबतात आणि भुसावळ त्यानंतर लगेच येते. प्रवासाच्या पहिल्याच तासात जेवण मागवण्यात अर्थ नाही. नागपूरला थांबा मोठा असतो, तिथे मागवणे सोयीचे. उत्तरेकडे जाणाऱ्यांनी इटारसी किंवा भोपाळ पाहावे. मात्र गाडी उशिरा धावत असेल तर रात्रीचे जेवण मध्यरात्रीवर जाते आणि उपाहारगृह बंद होते, तेव्हा आई-वडिलांच्या पिशवीत एक वेळचे घरचे असू द्यावेच.

चाळीसगावहून एक वाचक विचारतात : अजनी–पुणे वंदे भारतचे तिकीट काढताना जेवण ‘नको’ म्हटले, तर पुढे गाडीत काहीच मिळत नाही का?

उत्तर : मिळते, पण उपलब्ध असेल तरच, आणि महाग. जेवण नाकारले की तिकीट तेवढे स्वस्त होते. नंतर गाडीत मागितल्यास पदार्थाच्या दरावर ५० रुपये वेगळे द्यावे लागतात. चहा-कॉफीला हा अधिभार नाही. तिकीट काढताना ‘हवे’ म्हटले आणि प्रत्यक्षात खाल्ले नाही, तर पैसे परत मिळत नाहीत. ही गाडी १० ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली आणि आपल्या भागात भुसावळ व जळगावला थांबते. जळगावहून पुण्यापर्यंतचा काही तासांचा प्रवास पाहता घरून खाऊन निघणाऱ्याने ‘नको’ म्हणायला हरकत नाही. मधुमेहींनी मात्र आधीच विचार करावा. मधुमेहींसाठी, लहान मुलांसाठी आणि भरडधान्याचे पदार्थ यादीत घेण्याची मुभा नोव्हेंबर २०२२ मध्ये महामंडळाला दिली गेली आहे, तरी तो पदार्थ आपल्या गाडीत त्या दिवशी असेलच असे धरून चालू नये.

जाता जाता आणखी एक: राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना दोन तासांहून अधिक उशीर झाला तर त्या वेळेनुसार चहा-न्याहारी किंवा जेवण विनामूल्य देण्याची तरतूद आहे. साध्या एक्स्प्रेसला ती नाही.

नंदुरबारहून एक शिक्षक लिहितात : आमच्याकडून कामासाठी सुरतेकडे व पुढे जाणारी माणसे बिनआरक्षित डब्यात असतात. त्या डब्यात पँट्रीचा माणूस पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी काय आहे?

उत्तर : त्यांच्यासाठी फलाटावर जनता खाना आहे: सात पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचे. जुलै २०२३ पासून निवडक स्थानकांवर नेमके जनरल डबे जिथे उभे राहतात तिथेच टेबल मांडून हे जेवण २० रुपयांना द्यायला सुरुवात झाली. त्याच्याबरोबर राजमा-भात, खिचडी, पावभाजी अशांपैकी ३५० ग्रॅमचा एक पदार्थ ५० रुपयांना आणि २०० मिलिलिटर पाणी ३ रुपयांना असते. माझ्या मते गेल्या काही वर्षांत रेल्वेने खाण्यापिण्याबाबत केलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, कारण गर्दीत जागा सोडून उतरणे ज्याला परवडत नाही त्याच्या खिडकीशी ते जेवण येते. दुर्दैवाने सर्व स्थानकांवर ते नाही. आपल्या स्थानकावर ते हवे असेल तर मागणी कोणाकडे करायची, हे लक्षात ठेवावे: जळगाव–भुसावळचा मुख्य मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतो, तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही ताप्ती मार्गावरची स्थानके पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. भुसावळच्या कार्यालयाला पाठवलेला नंदुरबारचा अर्ज नुसता फिरत राहतो. तक्रारीचा क्रमांक मात्र दोन्हीकडे १३९ हाच.

धुळ्याहून एक वाचक भगिनी लिहितात : आम्ही चाळीसगावहून गाडी धरून मे महिन्यात दोन दिवसांच्या प्रवासाला निघणार आहोत. सासूबाई म्हणतात बाहेरचे काही खायचे नाही, सारे घरून न्यायचे. इतक्या उन्हात काय टिकेल?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे अर्धे मान्य करावे. पहिल्या दिवसाचे सगळे आणि दुसऱ्या दिवसाचे कोरडे घरून न्यावे. बाकी वाटेत घ्यावे.

अन्न नासते ते त्यातल्या ओलाव्यामुळे आणि कोमटपणामुळे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मे महिन्यात खानदेशातला बिनवातानुकूलित डबा या पट्ट्याच्या मधोमध असतो. हवा ३२ अंशांच्या वर गेली की शिजवलेले ओलसर अन्न तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. भात आणि खिचडी यांत सर्वांत दगा देणारी, कारण तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढू लागतात. त्यांनी सोडलेले विष नंतर गरम करूनही जात नाही. वांग्याचे भरीत कितीही आवडते असले तरी ते पहिल्या जेवणातच संपवावे. शेवभाजीची शेव वेगळी न्यावी, रस्सा नेऊ नये.

टिकण्यात दशमीचा हात कोणी धरणार नाही. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, किंचित मीठ, थोडे तेलाचे मोहन, आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कोरडी होईपर्यंत शेकायची. चूक होते ती पुढे: गरम दशम्या एकावर एक रचून डब्यात भरल्या की वाफ आत कोंडते, मधल्या दशम्या ओल्या होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर बुरशीचे ठिपके दिसतात. त्या सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्याव्यात, मग कापडातच गुंडाळाव्यात. प्लास्टिकची पिशवी टाळावी. सोबत शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी आणि पाण्याचा अंश नसलेले लोणचे न्यावे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते, पण बिघडत नाही. गूळपापडी, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे यांवर मुले निभावतात.

केळी तर आपल्या घरचीच. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रवासासाठी मात्र पूर्ण पिवळी फणी न घेता देठाकडे हिरवट असलेली घ्यावी आणि ती पिशवीत सर्वांत वर ठेवावी. साल हेच तिचे वेष्टण असल्यामुळे विक्रेत्याच्या हाताची काळजी करावी लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. कापून ठेवलेले टरबूज आणि काकडी यांना मात्र हात लावू नये.

भुसावळहूनच एक विद्यार्थिनी विचारते : पँट्री कार नव्हती तेव्हा लोक काय खात असत?

उत्तर : सुरुवातीच्या डब्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याची वाटच नव्हती, त्यामुळे गाडीत जेवण फिरवणे शक्य नव्हते. गाडी मोठ्या स्थानकावर थांबायची आणि साहेबलोक उतरून उपाहारगृहात जेवायचे. १८७० साली मुंबई–कोलकाता मार्ग जोडला गेला आणि तुझे भुसावळ या मुख्य मार्गावरचे महत्त्वाचे जंक्शन ठरले. वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी पुढच्या स्थानकाला तारेने जेवणाची वर्दी देण्याची पद्धतही पडली. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला मात्र आपली शिदोरी आणि फलाटावरचा फेरीवाला एवढाच आधार होता. पाणीसुद्धा एक नव्हते. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी पिंपे व वेगळे पाणके फलाटांवर असत. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचे हाल लिहिले तेव्हा घाणेरड्या संडासांबरोबर फलाटावरच्या गलिच्छ खाद्यपदार्थांची आणि चहाच्या नावाखाली मिळणाऱ्या पाण्याचीही तक्रार केली होती. धरणगावच्या भगिनींनी ती वाचावी.

शिरपूरहून एक वाचक विचारतात : बाळाचे दूध गरम करण्यासाठी विजेची किटली किंवा छोटा स्टोव्ह गाडीत नेता येईल का?

उत्तर : दोन्ही नेऊ नयेत. स्टोव्ह, रॉकेल, गॅसची टाकी असे ज्वालाग्राही सामान गाडीत बाळगणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. विजेच्या किटलीचे काहींना एवढे वाटत नाही, पण जागेजवळचा सॉकेट मोबाइल आणि लॅपटॉपपुरताच असतो. किटलीचा भार त्याला पेलत नाही, तारा तापतात आणि सारा डबा धोक्यात येतो. रेल्वेने त्याबद्दलही कारवाई केलेली आहे.

बाळासाठी निघताना चांगल्या थर्मासमध्ये उकळते पाणी भरून घ्यावे आणि दुधाची पावडर वेगळी ठेवावी, दूध आयत्या वेळी करावे. तयार दूध थर्मासमध्ये कोमट ठेवणे टाळावे. पँट्री असलेल्या गाडीत थर्मास घेऊन स्वतः पँट्रीपर्यंत गेल्यास गरम पाणी सहसा मिळते. मोठ्या स्थानकांवर २०१६ पासून ‘जननी सेवा’ या नावाने गरम दूध, गरम पाणी आणि बालआहार ठेवण्याची योजना आहे. उतरणारा माणूस मात्र बाळाजवळ बसलेल्या माणसापेक्षा वेगळा असावा, आणि गाडीचा थांबा किती मिनिटांचा आहे हे त्याने आधी पाहून ठेवावे.